बाहुलीतला योडा, कॉम्प्युटरातला योडा आणि साडेतीन लाखांची फी

नमस्कार,

आम्ही लालबागचे. माझ्या मिस्टरांचा गणपतीच्या हलत्या देखाव्यांचा कारखाना आहे, म्हणजे एक गाळाच. मोटर, पट्टा, क्रँक लावून पुतळे हलवायचे. राक्षस मान वळवतो, हनुमान पर्वत उचलतो, असं. त्यांचं वय ५४. लहानपणी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून स्टार वॉर्स बघितला आणि त्यातली बाहुल्यांची कारागिरी बघून या धंद्यात आलो, असं सांगतात. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, त्याला अ‍ॅनिमेशन करायचंय. तोही त्याच सिनेमांचा वेडा, पण त्याला आवडतात नेमके १९९९ पासूनचे भाग, जे ह्यांना बघवत नाहीत. रोज ताटावर भांडण. हे म्हणतात, बाहुलीतला योडा जिवंत होता, कॉम्प्युटरातला नुसत्या उड्या मारतो. जगभर लोक या कॉम्प्युटरच्या कामाला शिव्या घालतात, त्यात पोराचं आयुष्य घालू? पोरगा म्हणतो, बाबांना जुनं तेच सोनं. अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटने साडेतीन लाख फी सांगितलीय, महिनाअखेरपर्यंत सीट बुक करा म्हणतात. त्यात यंदा दोन मंडळांनी देखावा नको, एलईडी स्क्रीन लावतो म्हणून आमची ऑर्डर काढून घेतली, तेव्हा पैशाचीही ओढाताण आहे. मला त्या योडातलं काही कळत नाही. मुलाला घालू की नको? आणि या दोघांना गप्प कसं करू?

– एक आई, लालबाग


ताई,

महिनाअखेरीची मुदत आधी डोक्यातून काढून टाका. जी इन्स्टिट्यूट साडेतीन लाखांसाठी एवढी घाई करते तिच्याकडे पुढच्या महिन्यातही सीट असते आणि त्याच्या पुढच्याही. फीचं नंतर बघू. आधी योडाचं बघू, कारण तुमच्या घरातली बरीच बोलणी त्याच्या आडून चाललेली दिसतात.

तुम्हाला कळत नाही म्हणता, म्हणून थोडक्यात सांगते. योडा म्हणजे गुडघ्याएवढा, हिरवा, लांब कानांचा म्हातारा गुरू. १९८० च्या भागात तो पहिल्यांदा आला तेव्हा ती बाहुली होती. स्टुअर्ट फ्रीबॉर्नने घडवलेली आणि फ्रँक ऑझने आत हात घालून चालवलेली. आवाजही ऑझचाच. २००२ च्या भागात तोच योडा संपूर्ण कॉम्प्युटरवर तयार केला आणि एरवी काठी टेकत चालणाऱ्या या म्हाताऱ्याने प्रकाशाची तलवार उपसून कोलांट्या मारल्या. त्या मारामारीला थिएटरांत टाळ्या पडल्या आणि त्याच मारामारीला आजही अनेकजण नाकं मुरडतात. तुमच्या ताटावरचं भांडण जगभरच्या ताटांवर चालू आहे असं समजा. यात तुमचे मिस्टर एकटे नाहीत आणि मुलगाही नाही.

आता मिस्टरांना एक प्रश्न विचारा. १९९९ चा 'द फँटम मेनेस' त्यांना कॉम्प्युटरचा खेळ वाटतो ना? त्यात वाळवंटातली एक भन्नाट वेगाची शर्यत आहे आणि ती बघायला भलंथोरलं स्टेडियम भरलेलं आहे. ती दूरची गर्दी कशाची होती? कान साफ करायच्या कापसाच्या काड्यांची. लाखांच्या घरात काड्या, रंगवून मॉडेलमध्ये खोचलेल्या. त्याच सिनेमातल्या राणीच्या नगराभोवतीचे धबधबे म्हणजे वरून ओतलेलं मीठ होतं, कॅमेऱ्याने टिपलेलं. हे काम उद्या तुमच्या गाळ्यात आलं तर मिस्टर रात्र जागून करतील, आणि करताना खूशही असतील. पण पडद्यावर बघताना त्यांनी त्याला कॉम्प्युटर म्हणून नाव ठेवलं.

उलट बाजूही ऐकवा. १९७७ चा पहिला भाग, जो त्यांना हाताने घडवलेला वाटतो, त्यात शत्रूच्या तळावर हल्ला कसा करायचा हे वैमानिकांना दाखवतात ती रेघांची हलती आकृती कॉम्प्युटरवर काढलेली आहे. लॅरी क्यूबा नावाच्या कलावंताने केली होती. अंतराळयानांची झुंज टिपायला जो कॅमेरा वापरला तोही इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालायचा. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केसाचाही फरक न होता करणारा. यानं मात्र खरी, हाताने जोडलेली. दोन्ही काळांत दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्याच होत्या.

प्रेक्षकाच्या मताबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. कुठलं साधन वापरलंय हे त्याला बहुतेक वेळा ओळखू येत नाही. काहीतरी खोटं आहे हे मात्र बरोबर कळतं, आणि त्या खोट्याला तो समोर दिसेल ते नाव चिकटवतो. त्याची तक्रार मनावर घ्यावी. त्याने सांगितलेलं कारण तपासून घ्यावं.

म्हणूनच मुलाने बाबांना 'जुनं तेच सोनं' म्हणून झटकून टाकू नये. १९९७ साली पहिले तीन भाग डागडुजी करून पुन्हा थिएटरांत आले. पहिल्या भागात तेव्हा एक प्रसंग नव्याने घातला. त्यात जब्बा नावाचा सुस्त, अजगरासारख्या शेपटीचा गुंड नायकाशी बोलत चालतो. मूळ चित्रीकरणात जब्बाच्या जागी एक माणूस उभा होता आणि नायक बोलता बोलता त्याच्या मागून फेरी मारून येतो. आता त्या जागी शेपटी आली. मग काय केलं? नायकाला शेपटीवर पाय देऊन पुढे गेलेला दाखवला. नायक झालेल्या हॅरिसन फोर्डला पडद्यावर चक्क वर उचलून परत खाली ठेवला. बघणाऱ्याला तेव्हाही खटकलं. पाय पडतो पण वजन पडत नाही. जब्बा बघतो पण त्याची नजर समोरच्याच्या डोळ्यांना लागत नाही. २००४ च्या डीव्हीडीत निर्मात्यांनी तो जब्बा पुन्हा नव्याने करून घेतला. म्हणजे शिव्या घालणारे प्रेक्षक बरोबर होते आणि ते घरच्यांनाही पटलेलं होतं.

वजन, नजर आणि उजेड. तुमचे मिस्टर 'जिवंत नाही' म्हणतात तेव्हा या तिन्हींपैकी काहीतरी बिघडलेलं असतं, पैज लावून सांगते. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात हेच शिकवायला साडेतीन लाख घेतात. घरात हा जाणकार फुकट मिळतोय आणि पोरगा त्याच्याशी वाद घालत बसलाय!

तरीपण मिस्टरांचा बाहुलीचा हट्टही पुरता टिकत नाही. १९९९ च्या भागात योडा बाहुलीच होती, नव्याने केलेली, आणि ती चांगली दिसली नाही. चेहरा काहीतरी भलताच झाला होता. बाहुलीवर जीव असलेल्यांनीही तिचं कौतुक केल्याचं माझ्या कानावर नाही. २०११ च्या ब्लू-रेमध्ये ती काढून कॉम्प्युटरातला योडा बसवला. मग २०१७ च्या भागात पुन्हा बाहुली आणली, फ्रँक ऑझलाच बोलावून. २०१९ पासूनच्या 'द मँडलोरियन' मालिकेतलं ते छोटं हिरवं पोर, ग्रोगू, ज्याची खेळणी तुमच्या भागातल्या फुटपाथवरही दिसत असतील, ते बहुतेक वेळा बाहुलीच आहे. तिला हलवणारे दांडे आणि माणसं नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतात.

आता मला विचाराल, की तुमचा कौल कुणाला. १९८० च्या बाहुलीला. पण २००२ चा योडा नुसता बोलतो, ऐकतो, विचारात पडतो तिथे तोही मला खरा वाटतो. ते काम करणाऱ्या रॉब कोलमनच्या टोळीने बाहुलीची एक खोड मुद्दाम राखली. बाहुली हलली की तिचे रबरी कान थरथरायचे. तो खरं तर सामानाचा दोष. कॉम्प्युटरात तो यायचं काहीच कारण नव्हतं, तो हाताने घातला, कारण त्या थरथरण्याशिवाय तो योडा वाटेना. कोलांट्यांची गोष्ट वेगळी. आठ-नऊशे वर्षांच्या म्हाताऱ्याला कोलांट्या मारायला लावायच्या हा निर्णय कॉम्प्युटरने घेतलेला नव्हता.

हा मुद्दा मला जरा लांबवायचा आहे, कारण मिस्टरांच्या मनातली खरी भीती तुम्ही एका वाक्यात लिहिलीय: लोक शिव्या घालतात. घालतात, हे खरंच आहे. त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण याच सिनेमांतलं आहे.

१९९९ च्या भागात जार जार बिंक्स नावाचं एक पात्र आहे. लांब कानांचं, धडपडं, बावळट बोलणारं. खऱ्या नटांच्या सिनेमात अथपासून इतिपर्यंत वावरणारं, इतकं मोठं काम असलेली अशी संपूर्ण डिजिटल पात्रं त्याआधी फारच थोडी झाली होती. कारागिरी म्हणून ती मोठीच उडी होती. आणि प्रेक्षकांनी त्याचा असा काही द्वेष केला की विचारू नका. त्याचे विनोद पोरकट होते, बोलण्याची ढब अनेकांना अपमानास्पद वाटली, कथेत त्याला नको तिथे घुसवला होता. यातली एकही गोष्ट अ‍ॅनिमेटरच्या हातातली नाही. पण लोक म्हणाले, बघा, कॉम्प्युटरने सिनेमाचं वाटोळं केलं.

त्या पात्रामागे माणूस होता. अहमद बेस्ट. सेटवर त्याने ते सगळं अंगाने करून दाखवलं होतं, आवाजही त्याचा. तेव्हा तो पंचविशीतला. पडद्यावर त्याचा चेहरा कुठेच नव्हता, तरी राग जाऊन पडला त्याच्यावर. २०१८ साली त्याने जाहीरपणे सांगितलं, की त्या दिवसांत जीव द्यायचा विचार मनात आला होता. सुदैवाने तो त्यातून बाहेर आला. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन'मध्ये तो परत दिसला, या वेळी स्वतःच्या चेहऱ्याने, जेडाय योद्धा म्हणून. त्यात तो ग्रोगूला, म्हणजे त्या बाहुलीच्या पोराला, मरणाच्या दारातून बाहेर काढतो, आणि लोकांनी तो प्रसंग डोक्यावर घेतला.

दरम्यान प्रेक्षकही बदलला होता. १९९९ साली जी मुलं आठ-दहा वर्षांची होती त्यांना जार जारचा राग वगैरे काही आला नव्हता. त्यांना शर्यत आवडली, लाल-काळ्या चेहऱ्याचा खलनायक आवडला. ती मुलं मोठी झाली, मतं मांडायला लागली. मे २०२४ मध्ये त्या सिनेमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तो पुन्हा थिएटरांत लावला, तर अमेरिकेत त्या शनिवार-रविवारी तो कमाईत दुसऱ्या नंबरावर होता. ज्याला सगळ्यांनी धुतलं होतं, तोच. तुमचा मुलगा त्याहून धाकट्या पिढीचा, तो तर हे सगळं एकत्रच बघत मोठा झाला. त्याला १९८० आणि २००२ यांत आधी-नंतर असं काही नाहीच.

प्रेक्षकांची मतं अशी फिरत असतील, तर त्यांच्यावरून पोराचा धंदा ठरवणं बरोबर नाही, ना हो म्हणायला ना नको म्हणायला. (मेलेल्या नटाला पडद्यावर उठवतात त्याबद्दल मात्र माझं मत अजून तरी फिरलेलं नाही. पीटर कुशिंग १९९४ मध्ये वारला आणि २०१६ च्या 'रोग वन'मध्ये दुसऱ्या नटाच्या अंगावर त्याचा चेहरा बसवून त्याला भरपूर संवाद दिले. अनेकांना ते कळलंही नाही. मला तो चेहरा बोलायला लागला की खुर्चीत नीट बसवत नाही. असो.)

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. दोन मंडळांनी एलईडी स्क्रीन लावतो सांगून ऑर्डर काढून घेतली. ताई, तुम्ही ते पैशाच्या ओढाताणीत घातलंय. मला ते योडाच्या भांडणात घालावंसं वाटतं. ज्या माणसाच्या हातचा हलता राक्षस काढून तिथे पडदा लावला, त्याच्या घरात त्याच वर्षी त्याचा मुलगा म्हणतो, मला पडद्यावरचं काम शिकायचंय, साडेतीन लाख काढा. तो माणूस काय बोलणार? तो योडाबद्दलच बोलणार.

मिस्टरांना फिल टिपेटची गोष्ट सांगा. नाव त्यांनी कदाचित ऐकलंही असेल. १९७७ च्या भागात यानाच्या टेबलावर बुद्धिबळासारखा खेळ मांडलाय आणि त्यातले छोटे राक्षस आपापसांत मारामारी करतात. ते हलवणाऱ्या दोघांपैकी हा एक. पुतळा केसभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. १९८० च्या भागात बर्फातून धावणारं ते शिंगवालं जनावरही त्याच्या टोळीचं. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'साठी डायनासोर याच पद्धतीने करायचे ठरले होते आणि काम टिपेटकडे होतं. मग कॉम्प्युटरवाल्यांनी एक नमुना करून दाखवला. तो बघून टिपेट म्हणाला, की आता मीच नामशेष झालो. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्याने सिनेमातच तसा संवाद घातला. टिपेटवर मात्र खरोखरच आभाळ कोसळलं होतं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. त्याला काढलं नाही. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरांना सॉफ्टवेअर येत होतं, पण एवढं धूड वळताना आधी कुठला सांधा हलतो, वजन कुठल्या पायावर जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते टिपेटला ठाऊक होतं. त्याच्या स्टुडिओत एक सांगाडा तयार केला, सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेला. जुने कारागीर तो नेहमीसारखा हाताने हलवायचे आणि ती हालचाल थेट कॉम्प्युटरातल्या डायनासोरमध्ये जायची. त्या कामासाठी ऑस्कर मिळालेल्या चौघांत टिपेट आहे.

तुमच्या मिस्टरांना ऑस्कर मिळेल असं मी सांगत नाही. मंडळं स्क्रीनकडे वळताहेत आणि ती सगळी परत येतील असंही नाही. पण त्यांच्या हातात जे आहे, पट्टा किती ताणला की मान झटका न खाता वळते, ते पोराला कुठल्याही अंधेरीत मिळणार नाही. हे त्यांना कुणीतरी म्हणायला हवं, आणि ते मुलाने म्हटलेलं बरं.

तर या दोघांना गप्प करण्याऐवजी कामाला लावा. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट म्हणजे कच्चं नव्हे. २०२५ मध्ये ज्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो 'फ्लो' त्याच्यावरच केलेला आहे. मुलाने गाळ्यातला एक हलता पुतळा मोबाइलवर टिपायचा. मग शेजारी तसाच दुसरा पुतळा कॉम्प्युटरात घडवून त्याच चित्रणात उभा करायचा. तीच सावली, तोच ट्यूबलाइटचा उजेड, मोटरचा तोच किंचित हिसका. झालं की बाबांना दाखवायचं. मिस्टरांवर अट एकच: 'कॉम्प्युटरातलं वाटतं' असं म्हणायचं नाही. काय चुकलं ते जागेवर बोट ठेवून सांगायचं. पाय जमिनीत रुतलाय, मान खांद्याआधी वळली, डोळे कुठेच बघत नाहीत. आणि मुलावर अट, की उलट उत्तर न देता ते दुरुस्त करून पुन्हा आणायचं. पहिला पुतळा भयंकर होईल. होऊ दे. गणपतीपर्यंत असं चालू राहिलं आणि पोरगा तरीही रात्री स्वतःहून त्याच्यासमोर बसत असला, तर त्याला हे काम आवडतं. एक-दोन आठवड्यांत कंटाळला, तर त्याला सिनेमे बघायला आवडतात. त्यातही वाईट काही नाही, पण त्याला फी लागत नाही.

गणपतीच्या दिवसांत गाळ्यावर हात कमी पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याला तिथेही उभा करा.

आता धंद्याबद्दल, कारण मुलालाही यातलं खरं चित्र माहीत नसणार. मुंबईत काम आहे. ज्या कंपनीने स्टार वॉर्सचे इफेक्ट्स केले त्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २०२२ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. 'ड्यून'साठी ऑस्कर घेणाऱ्या डीएनईजीचा मोठा स्टुडिओ इथे आहे. मिस्टर ज्याला शिव्या घालतात त्या 'फँटम मेनेस'ची २०१२ ची थ्री-डी आवृत्ती मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने करून दिली होती. पण सुरुवातीला मुलाला तिथे योडा करायला मिळणार नाही. नव्या पोराला रोटो मिळतो. म्हणजे चित्रातल्या माणसाची कड फ्रेम-फ्रेमला रेघेने कापून काढायची. नाहीतर पेंट मिळतं, म्हणजे ग्रोगूचे दांडे आणि स्टंटमनची वायर पुसायची. काम चोख झालं तर कुणाला दिसत नाही, आणि बिघडलं तर जगभर दिसतं. डेडलाइन आली की रात्रपाळी. सुरुवातीचा पगार मालाड-गोरेगावात भाड्याने राहायला पुरेल असा नसतो, म्हणून लालबागचं घर ही मुलाची खरी स्कॉलरशिप समजा.

आणि कंपन्या बुडतात. 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघाला ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, तो वाघ करणाऱ्या रिदम अँड ह्यूजने दिवाळखोरी जाहीर केली होती. तिचाही मुंबईत स्टुडिओ होता. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलर ही इफेक्ट्सची कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरू-मुंबईतल्या तिच्या हजारो माणसांची नोकरी अचानक गेली. त्यातल्या कुणाच्या कामाला प्रेक्षकांनी शिव्या घातल्या होत्या म्हणून हे झालं नव्हतं. कमी पैशात, कमी दिवसांत काम घ्यायचं आणि मध्येच दिग्दर्शकाने सगळं बदलायला सांगितलं तरी त्याच पैशात करून द्यायचं, असा हा धंदा आहे. मंडळांचा ऐन वेळी 'राक्षसाचं तोंड दुसरं करा' हा फोन मिस्टरांना चांगलाच परिचयाचा असेल. या बाबतीत ते पोराला जे शिकवतील, अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा, बदलाचे पैसे वेगळे कसे सांगायचे, ते फार उपयोगी पडेल.

म्हणून एकच सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या कोर्सवर सगळे पैसे लावू नका. ते सॉफ्टवेअर मागे पडलं की शिक्षणही मागे पडतं, आणि रोटोचं काम तर आता मशीन बऱ्यापैकी करायला लागलंय. चित्रकलेचा पाया पक्का असलेला मुलगा टिकतो. त्याने शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली होती का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दिली असेल तर उत्तम. नसेल तर आजपासून वही घेऊन लोकलमध्ये, गाळ्यात, मच्छीबाजारात बसून माणसं काढायला लावा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी असते. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डिझाइनला जायला यूसीड ही परीक्षा असते, जानेवारीत. ती बारावी झाल्यावर पुढच्या वर्षीही देता येते. यंदाच्या परीक्षा होऊन गेल्या, तेव्हा हे वर्ष तयारीला मोकळं मिळतंय. वर्ष वाया जातं असं नातेवाईक म्हणतील. तो गाळ्यात काम करतोय आणि परीक्षेची तयारी करतोय, एवढं सांगून विषय बदला. दोन्हीकडची फी किती ते आधी विचारून त्या साडेतीन लाखांशी ताडून बघा. जागा थोड्या आहेत हे मात्र मुलाला आधीच सांगून ठेवा.

तरीही पुढच्या वर्षी खासगी इन्स्टिट्यूटच करावी लागली, तर मिस्टरांनी मुलासोबत स्वतः जावं. काउन्सिलरशी बोलू नये, कारण त्याचं काम सीट भरण्याचं आहे. मागच्या दोन बॅचच्या सगळ्या मुलांचं काम दाखवा म्हणावं, निवडक तिघांचं नको. शिकवणाऱ्याने स्वतः कुठल्या सिनेमांवर काय काम केलंय, ते विचारावं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणाले तर कुठल्या स्टुडिओत, कुठल्या पदावर आणि किती पगारावर, हे लिहून मागावं. फी हप्त्यांनी भरावी, एकरकमी भरल्यास सूट देतो म्हटलं तरी. आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्यावं. लिहून द्यायला तयार नसतील, तर चहा घेऊन उठावं.